वेडाच्या दाखल्याने चित्रे वाचू नयेत

पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार ह्यूगो व्हान डर गूस याच्या धार्मिक चित्रांतील तणाव हा त्याच्या मनोविकाराचाच आविष्कार होय, असा पूर्वपक्ष एकोणिसाव्या शतकापासून मांडला जातो, आणि एमील वॉटर्सने 1872 मध्ये रंगवलेल्या वेड्या ह्यूगोने तो लोकमानसात पक्का रुजवला. त्याचा मुख्य आधार म्हणजे ब्रुसेल्सजवळच्या ज्या मठात ह्यूगो राहावयास गेला, तेथील गास्पार ओफहाइस या साधूने कैक वर्षांनंतर लिहिलेला वृत्तांत. कोलोनहून परतताना ह्यूगो आपला नरकवास अटळ असल्याचा आक्रोश करू लागला आणि स्वतःला इजा करू पाहू लागला, हे त्यातले कथन अविश्वसनीय नाही. मात्र ओफहाइस चित्रांचा संबंध जोडतो तो असा, की हाती घेतलेली कामे पुरी कशी होणार ही काळजी आजाराला कारण झाली असावी.

खरा दोष कालनिश्चितीत आहे. ह्यूगोच्या एकाही चित्रावर सही वा साल नाही. तेव्हा ब्रूज येथील मरियेच्या मृत्यूच्या चित्रातील प्रेषितांचे शून्यात लागलेले डोळे पाहून ते आजारपणाच्या सुमाराचे ठरवायचे आणि मग तेच चित्र आजाराचा पुरावा म्हणून पुढे करायचे, हा अन्योन्याश्रय, म्हणजे दोन विधानांनी एकमेकांच्याच आधारावर उभे राहणे, झाला.

याउलट, मेदिची पेढीचा ब्रूजमधील व्यवस्थापक तोम्मासो पोर्तिनारी याच्यासाठी केलेले त्रिदल चित्र, म्हणजे मधल्या मोठ्या फळीला दोन मिटत्या फळ्या जोडलेले वेदीचित्र, त्यात रंगवलेल्या त्याच्या मुलांवरून 1470 च्या दशकाच्या मध्याचे, आजाराच्या काही वर्षे आधीचे ठरते. तरीही त्यात तोच ताण आहे. बाळ येशू उघडाच जमिनीवर निजलेला आहे. त्याच्यासमोर ठेवलेली गव्हाची पेंढी मिस्सा या ख्रिस्ती उपासनाविधीतील भाकरीची, म्हणजेच पुढे अर्पण होणाऱ्या देहाची खूण आहे. भोवतीच्या देवदूतांनी मिस्साविधीची वस्त्रे ल्याली आहेत, पण मुख्य याजकाचा बाह्यझगा एकाच्याही अंगावर नाही, कारण येथे याजक आणि बळी दोन्ही ते बालकच आहे. जन्माच्या चित्रात मरण इतक्या काटेकोरपणे गुंफणारी बुद्धी भरकटलेली नव्हती. चित्रातील अस्वस्थता आशयाने मागितलेली आहे.

ह्यूगो 1482 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी हे चित्र फ्लॉरेन्सला पोहोचले, आणि तेथील चित्रकार दोमेनिको गिर्लांदायोने 1485 च्या आपल्या वेदीचित्रात त्यातून उचलले ते रापलेल्या चेहऱ्यांचे, भक्तीने ओणवलेले मेंढपाळ.