दोन कागद, एकच काम

मुलांनो, तीन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. मी तेव्हा बदलापूरच्या एका शाळेत तिसरी 'ब'ला शिकवत होते. सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. दुपारी तळमजल्यावरच्या आमच्या वर्गात पाणी शिरू लागलं आणि मोठ्या बाईंचा निरोप आला, "वर्ग मागच्या इमारतीत वर न्या." त्रेचाळीस मुलं, दप्तरं, छत्र्या असं सगळं लटांबर घेऊन आम्ही निघालो.

अर्ध्या तासाने एका मुलीची आजी तिला न्यायला आली. बघते तर वर्गाला कुलूप, दारात घोटाभर पाणी, आणि विचारायचं म्हटलं तर व्हरांड्यात चिटपाखरू नाही! वीस मिनिटं ती माउली नातीला हाका मारत शाळाभर फिरली. शेवटी शिपाईमामांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. ती मला एक शब्दही बोलली नाही. नातीला पोटाशी धरून नुसती उभी राहिली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं वाटलं असतं.

चूक कुठे झाली? ऑफिसातल्या फायलीत दोन कागद होते. 'एका विद्यार्थ्याची तुकडी बदलताना काय करावे' हा एक आणि 'पूर्ण वर्ग हलवताना काय करावे' हा दुसरा. आदल्या वर्षी असाच काही घोळ झाला, म्हणून पहिल्या कागदावर एक ओळ वाढवली होती : जुन्या वर्गाच्या दारावर नव्या जागेची चिठ्ठी लावावी. दुसऱ्या कागदावर ती ओळ चढवायची कुणाला सुचलंच नाही. मी दुसरा कागद तंतोतंत पाळला होता!

ही गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे अगदी असेच दोन कागद संगणकाच्या पोटात सापडले होते. तेही थेट कर्नलमध्ये.

आमच्या शेजारच्या अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, त्यामुळे कर्नल म्हटलं की इकडच्या मुलांना मिशीवाले लष्करी साहेब आठवतात. हा कर्नल वेगळा. बदामाच्या आत गर असतो ना, तसा संगणकाच्या कारभाराचा हा गाभा. लिनक्स नावाचा कर्नल लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तुमच्या आईबाबांचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्याही आत लिनक्सच आहे.

कर्नलचं एक मोठं काम म्हणजे मेमरी सांभाळणं. मेमरीचे तो छोटे छोटे सारखे तुकडे पाडतो आणि त्यांना 'पान' म्हणतो. बहुतेक ठिकाणी एक पान ४ किलोबाइटचं असतं. म्हणजे ४ जीबी मेमरीत पानं किती? करा बरं गुणाकार! १०,४८,५७६.

ही पानं कधी कधी एका जागेवरून दुसरीकडे न्यावी लागतात. फोनमध्ये सलग मोकळी जागा हवी असते म्हणून. मोठ्या संगणकात कारण निराळं. तिथे दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाच्या जवळ आपापली मेमरी असते. आपलं बदलापूर बघा, रेल्वेने पूर्व आणि पश्चिम असं वाटलेलं. तुम्ही राहता पूर्वेला आणि तुमचं पुस्तक पश्चिमेच्या मैत्रिणीकडे, तर दर वेळी पूल चढून जायचं! त्यापेक्षा पुस्तकच इकडे आणलेलं बरं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेल्या 'रुद्र' सर्व्हरमध्ये असेच दोन प्रोसेसर असतात. त्यांच्यापासून उभारलेले 'परम रुद्र' महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी देशाला अर्पण झाले. त्यांतला एक पुण्यात आहे, जीएमआरटी या दुर्बिणीच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी.

पान हलवायची रीत मोठी गमतीची आहे. कर्नल आधी पान बाजूला घेतो. मग जुन्या पत्त्यावर एक खूण ठेवतो, 'पान हलवणे चालू आहे, थांबा.' मजकूर नव्या जागी उतरवतो, पत्त्यांच्या तक्त्यात नवा पत्ता लिहितो आणि जुनी जागा मोकळी करतो. मध्येच कुणी त्या पानावर बोट ठेवून बसलं असेल, तर बेत रद्द. पान जिथल्या तिथे. ती खूण म्हणजे आमच्या दारावरची चिठ्ठीच, नाही का?

आता घोळ ऐका. कर्नलकडे मोठी पानंही असतात. ५१२ लहान पानांचं मिळून एक, २ मेगाबाइटचं. म्हणजे आख्खा वर्गच म्हणा. २०१३ साली लिनक्स ३.८ आलं. दूरचं पान आपणहून जवळ आणायची सोय त्यात झाली. पण पान हलवायची जी नेहमीची रीत होती, तिला तेव्हा आख्खं मोठं पान उचलता येत नव्हतं. म्हणून मोठ्या पानांसाठी एक वेगळी रीत लिहिली गेली. तात्पुरती सोय! तात्पुरत्या सोयी किती वर्षं टिकतात हे आपल्याला ठाऊक आहेच. २०१७ मध्ये ४.१४ आलं आणि नेहमीच्या रीतीला मोठी पानंही उचलता येऊ लागली. तरी वेगळा कागद फायलीत तसाच. दुरुस्ती एकीत केली की दुसरीतही करायची का, हे दर वेळी कुणीतरी आठवणीने बघायचं.

२०२१ साली यांग शी नावाच्या प्रोग्रामरने हे काम अंगावर घेतलं. मोठं पानही नेहमीच्याच रीतीने जाईल अशी जुळणी केली आणि वेगळी रीत काढून टाकली. ऑगस्टमध्ये आलेल्या ५.१४ मध्ये तो बदल होता. अशा कामाला रिफॅक्टरिंग म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसता कामा नये, आतली मांडणी मात्र सुधारायची. नवं काही दिसत नाही म्हणून शाबासकीही कमी मिळते. घरात रोज माळा आवरणाऱ्या माणसाला विचारा!

आम्हीही आमचे दोन कागद एक करायला बसलो. मला वाटलं, एक फाडला की झालं. तसं नव्हतं. एका मुलाला कुठेही बाकावर सरकून जागा मिळते, पण पूर्ण वर्गाला आधी रिकामी खोली बघावी लागते. मोठ्या पानालाही सलग ५१२ पानांची मोकळी जागा लागते, ती नसली तर ते हलत नाही. तेव्हा 'पूर्ण वर्ग असल्यास' अशी एक ओळ ठेवलीच. बाकी सगळं एक.

मग शनिवारी कवायतीच्या तासाला रंगीत तालीम घेतली. आधी एक मुलगा हलवला, मग आख्खी तिसरी 'ब'. मोठ्या बाई स्वतः आजी होऊन आम्हाला शोधायला निघाल्या. चिठ्ठी दारावर होती. तरी बाई दहा मिनिटं आल्या नाहीत. चिठ्ठीवर जिना चुकीचा लिहिला होता, आणि अक्षर माझं होतं.