सही बापाची, जागरण आईचं

शाळेच्या फॉर्मवर 'पालकाची सही' अशी एक रेघ असते. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत ती रेघ बहुतेक वेळा बापासाठी राखलेली. मूल अपंग असेल (सरकारी भाषेत 'दिव्यांग', शब्द बदलला, वागणूक तीच), तर त्याला भरवणारी, धुणारी-पुसणारी, फिट आली की रात्रभर उशाशी बसणारी आई. असं मूल जन्माला घातलं म्हणून सासरचा बोल खाणारीही तीच. सही मात्र त्याची!

कायद्यानेच ही सवय लावली. १९५६च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, 'त्यानंतर' आई. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, बाप हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसेल तर आईच पालक. निकाल लागला, शाळेच्या टेबलापर्यंत तो पोचायचा आहे.

विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करायचा असतो. मुलाला आज काय जमतं, वर्षभरात काय शिकवायचं, कोणतं साधन लागेल, पाहणी केव्हा करायची, हे त्यात येतं. गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा. तो येतो, मूल तासभर बघतो, रकाने भरतो. मूल कुठल्या आवाजाला दचकतं, भूक लागल्यावर कोणती खूण करतं, हे त्या तासाभरात कसं कळावं? आईला ते ठाऊक असतं, पण तिला विचारायचा रकानाच नसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सोळावं कलम वाचा. शाळेने मुलाला वैयक्तिक आधार द्यावा, प्रगतीवर लक्ष ठेवावं, असं त्यात आहे. आईबापांचं नाव नाही. अमेरिकेने १९७५ सालीच आराखड्याच्या बैठकीत पालकांना कायद्याने जागा दिली होती.

आता कळंब, वाशी, भूम, परंडा भागातल्या ऊसतोड घरांचं बघू. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते, ती मार्च-एप्रिलला परतते. मूल नेलं तर उसाच्या फडात पाचटावर, ठेवलं तर म्हाताऱ्या सासूपाशी. शाळेचं अर्धं वर्ष असं जातं. आणि आराखड्यात लिहिलेलं असतं, 'घरी रोज सराव घ्यावा'. कुणी घ्यावा? पहाटे फडात जाणाऱ्या बाईने?

मैत्रिणींनो, इथेच सावध राहायला हवं. 'पालकांचा सहभाग' हा शब्द गोड आहे, पण व्यवहारात त्याचा अर्थ होतो आईच्या डोक्यावर आणखी एक बिनपगारी काम. शिक्षकाची जागा रिकामी, तर आईने शिकवावं. गाडी नाही, तर आईने पाठुंगळी आणावं. मुलाला, आणि जास्त आधाराची गरज असेल तिथे त्याच्या मदतनीसालाही, शाळेत ने-आण करायची सोय ही शाळेची जबाबदारी आहे, आणि तेही त्याच सोळाव्या कलमात लिहिलंय. सहभाग म्हणजे ठरवताना हजर असणं आणि पटलं नाही तर 'नाही' म्हणता येणं.

आपल्या गटांनीही हा प्रश्न आजवर 'कल्याणा'च्या खात्यात ढकलला. हुंड्यावर, दारूवर मोर्चे काढले, अपंग मुलाची आई मात्र बैठकीला येऊ शकत नाही म्हणून यादीतूनच गळली. ते पुरे झालं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा हवी, आणि २०१२च्या दुरुस्तीने अपंग मुलं त्या गटात आली. म्हणजे समितीतली जागा या आया हक्काने मागू शकतात. गावातली यादी काढा, आणि समितीच्या निवडीला त्यांना घेऊन जा. एकटीला पाठवू नका.

आराखड्याची बैठक टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या आत व्हावी, आणि आईचा रोज बुडणार नाही अशा वेळेला. आराखडा तिला मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा, तिला बदल सांगू द्यावा, मग तिची सही किंवा अंगठा घ्यावा. एक प्रत शाळेत, एक सासूपाशी राहिलेल्या मुलाच्या दप्तरात, आणि मूल फडावर जाणार असेल तर तिथल्या जवळच्या शाळेत दाखवायला एक प्रत तिच्या पेटीत.