विश्लेषण : ठासणीच्या बंदुकीत कोणती दारू भरायची? अमेरिकी शिकाऱ्यांपुढे हा पेच का?

अमेरिकेत उन्हाळा सरला की हरणांच्या शिकारीचे हंगाम सुरू होतात. त्यात ठासणीच्या बंदुकांसाठी अनेक राज्यांनी वेगळे दिवस राखून ठेवले आहेत. कोलोरॅडोत हे दिवस सप्टेंबरमध्ये येतात, तर पेनसिल्व्हेनियात चकमकीच्या बंदुकीचा खास हंगाम नाताळनंतर असतो. त्याआधी शिकाऱ्याला दुकानात एक निवड करावी लागते. ती म्हणजे बंदुकीत कोणती दारू भरायची? वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. पण ही निवड चुकली तर कधी बार फुसका जातो, कधी दंड भरावा लागतो आणि कधी बंदुकीची नळीच फुटते.

ठासणीची बंदूक म्हणजे काय?

आजच्या बंदुकीत काडतूस असते. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी टोपी त्यात एकत्र बसवलेली असते. ठासणीच्या बंदुकीत हे सारे सुटे असते. नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतायची, मग गोळी घालून ती गजाने तळापर्यंत ठासायची. त्यानंतर ठिणगीची सोय करायची. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे शिकाऱ्याला प्रत्यक्षात एकच संधी मिळते. अमेरिकेतील राज्यांनी वेगळा हंगाम दिला तो याच कारणाने. बंदूक जुनी, पल्ला कमी, बार एकच. म्हणून जंगलात गर्दी कमी असताना काही दिवस राखीव.

ठिणगीचा आणि दारूचा संबंध काय?

या बंदुकांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात चकमक पोलादावर आपटते, ठिणग्या रंजकावर पडतात आणि ती आग कानातून आत जाते. दुसऱ्यात बाहेरच्या बाजूला तांब्याची छोटी टोपी, म्हणजे आपल्याकडची ‘केप’, असते. तिसरा प्रकार आधुनिक ‘इनलाइन’ बंदुकीचा. टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये आणलेल्या एमके-८५ बंदुकीनंतर हा प्रकार झपाट्याने पसरला. यात ठिणगी थेट दारूच्या मागे पडते आणि बहुधा शॉटगनच्या काडतुसात असते तशी ‘२०९ प्रायमर’ ही जोरकस टोपी वापरतात.

चकमकीची ठिणगी सर्वांत दुबळी, २०९ प्रायमरची सर्वांत जोरकस. त्यामुळे दुबळ्या ठिणगीला चटकन पेटणारी दारू हवी. निवडीचा पहिला नियम हाच आहे. दारू किती ताकदीची, हा प्रश्न नंतर येतो.

बाजारात कोणते पर्याय आहेत?

पहिला पर्याय अस्सल काळी दारू. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे शतकानुशतकांचे मिश्रण. ती चटकन पेटते, म्हणून चकमकीच्या बंदुकीला तिच्याशिवाय खात्रीचा पर्याय नाही. तिचे दाणे जाड-बारीक प्रतींत मिळतात आणि इंग्रजी ‘एफ’ जितके जास्त तितका दाणा बारीक. दोन एफची दारू साधारणपणे .५० आणि त्याहून मोठ्या व्यासाच्या नळीसाठी, तीन एफची लहान नळीसाठी आणि चार एफची रंजकासाठी वापरतात. तिचा दोष म्हणजे धूर आणि काजळी. मागे उरलेले क्षार हवेतील ओल धरतात. त्याच दिवशी नळी धुतली नाही तर गंज चढायला वेळ लागत नाही.

दुसरा पर्याय ‘पायरोडेक्स’. हॉजडन कंपनीने १९७० च्या दशकात काळ्या दारूला पर्याय म्हणून ती बाजारात आणली. ती पेटायला थोडी अवघड, त्यामुळे साठवायला आणि पाठवायला सोपी. पण काजळी आणि गंज यातून तीही सुटका करत नाही.

तिसरा पर्याय याच कंपनीची ‘ट्रिपल सेव्हन’. हिच्यात गंधक नाही, नळी साध्या पाण्याने धुता येते आणि वासही कमी. मात्र तेवढ्याच मापात ती काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे. तोच वेग हवा असेल तर माप सुमारे १५ टक्क्यांनी कमी करावे लागते.

चौथा पर्याय ‘ब्लॅकहॉर्न २०९’. ही सहसा ओल धरत नाही आणि काजळीही फारशी सोडत नाही. त्यामुळे इनलाइन बंदूकवाल्यांची ती लाडकी आहे. पण नावातच अट आहे, तिला २०९ प्रायमर लागतो. चकमकीवर किंवा साध्या केपवर तिचा भरवसा धरता येत नाही.

पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन सुट्या दाण्यांत मिळतात, तशाच तयार वड्यांतही. ५० ग्रेनच्या मापाच्या दोन वड्या टाकल्या की १०० ग्रेनचा बार तयार. सोय मोठी आहे, पण बंदुकीला नेमके मानवेल असे माप कमी-जास्त करण्याची मुभा जाते.

मापावर एवढा भर का?

या दारूचे माप वजनाने नव्हे, आकारमानाने घेतात. काळ्या दारूचे १०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. पर्यायी दारू वजनाला वेगळी असते, पण काळ्या दारूच्या मापाने तेवढीच जागा भरेल इतकी घ्यायची असते. कोणी तराजूवर १०० ग्रेन ट्रिपल सेव्हन तोलली तर नळीत ठरल्यापेक्षा बरीच जास्त दारू जाते.

याहून मोठा धोका बिनधुराच्या दारूचा. आधुनिक काडतुसातील ही दारू तेवढ्याच मापात कितीतरी जास्त ऊर्जा बाळगते आणि जुन्या धाटणीच्या नळीला तो दाब पेलत नाही. नळी फुटते ती नेमकी शिकाऱ्याच्या हाताजवळ आणि चेहऱ्यासमोर. ‘सॅव्हेज १०एमएल-२’सारख्या मोजक्या बंदुका खास बिनधुराच्या दारूसाठी बनल्या होत्या. पण तो अपवाद आहे. बंदूक बनवणाऱ्याने लेखी परवानगी दिली नसेल, तर ‘थोडीशी टाकून बघू’ हा प्रयोग जिवावर बेततो.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात ‘पुरातन’ बंदुकांना सामान्य बंदुकांच्या नियमांतून वगळले आहे. काळ्या दारूसाठी किंवा तिच्या पर्यायासाठी बनवलेली आणि काडतूस वापरता येत नाही अशी ठासणीची बंदूक सहसा या सवलतीत बसते. म्हणजे कोणती दारू, हे या व्याख्येतच आहे. राज्यांचे नियम मात्र वेगळे असू शकतात.

काळी दारू स्फोटक मानली जाते. छंद म्हणून, अशा बंदुकांत वापरण्यासाठी ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलोपर्यंत दारूला संघराज्याच्या स्फोटक कायद्यातून सूट आहे. पण विक्रेत्याला स्फोटकांचा परवाना आणि साठवणुकीचे कडक नियम चुकत नाहीत. म्हणून गावातल्या दुकानात पायरोडेक्सचा डबा सहज मिळतो, अस्सल काळी दारू मिळत नाही.

त्यावर राज्यांचे शिकारीचे नियम. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात दारूच्या वड्या आणि बिनधुराची दारू दोन्हींना मनाई आहे, दुर्बिणीलाही. आयडाहोत सुटी दारूच चालते आणि २०९ प्रायमर चालत नाही. साहजिकच ब्लॅकहॉर्न तिथे कामाची राहत नाही. पेनसिल्व्हेनियाने १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा हंगाम जपला आहे. त्याच राज्यात ऑक्टोबरमधील शिंगे नसलेल्या हरणांच्या हंगामात मात्र इनलाइन चालते. एकच शिकारी, एकच राज्य, पण दोन हंगामांत दोन वेगळ्या दारू.

या नियमांमागे वाद आहे. वेगळा हंगाम मिळाला तो बंदूक अवघड म्हणून. वड्या, जोरकस प्रायमर आणि दुर्बिणीने ती अवघड राहिलीच नाही, तर सवलत कशासाठी, असे एका बाजूचे म्हणणे. हमखास पेटणारी दारू असेल तर जनावर जखमी होऊन पळत नाही, एका बारात काम होते, हे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच प्रत्येक राज्याने रेषा वेगळ्या जागी ओढली आहे.

पुरवठ्याचे काय?

सप्टेंबर २०२१ मध्ये हॉजडनने लुइझियानातील मिंडेन येथील ‘गोएक्स’ हा काळ्या दारूचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. देशात अशी दारू बनवणारा तो एकमेव कारखाना होता. इनलाइनवाल्यांना फारसा फरक पडला नाही, पण चकमकीच्या बंदुकीवाल्यांची झोप उडाली. स्विस आणि जर्मन दारू आयात होत होती, तरी सारा भार तिच्यावर पडणार होता. २०२२ मध्ये ‘एस्टेस’ने हा कारखाना घेतला आणि उत्पादन पुन्हा सुरू झाले. ही कंपनी मुलांच्या खेळण्यातल्या रॉकेटसाठी ओळखली जाते. त्या रॉकेटच्या छोट्या मोटारींनाही काळी दारूच लागते. तोफांचे बार पेटवण्यासाठी सैन्यालाही ती लागते.

हे परावलंबन नवे नाही. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू असताना अमेरिकी सरकारने लॅमॉट ड्यू पाँट यांना सोरा विकत घ्यायला लंडनला धाडले होते. तो सोरा हिंदुस्थानातून जाणारा. दोन देशांत तणाव वाढताच ब्रिटनने निर्यात रोखली आणि वाटाघाटीनंतर ती मोकळी केली.

आपल्याकडे काय स्थिती?

आपल्याकडे छंद म्हणून शिकार करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. तरी ठासणीची बंदूक कोकणातल्या शेतकऱ्याला परकी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण हा परवाना बंदुकीचा आहे, जनावर मारण्याचा नाही. त्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते. घरी कुटलेल्या दारूची ताकद दर वेळी सारखी येत नाही, ती कुटतानाच पेटू शकते आणि विनापरवाना बनवणे गुन्हा आहे.

मग निवड कशी करायची?

क्रम असा. आधी बंदुकीसोबत आलेली पुस्तिका, कारण नळीला काय पेलते हे तीच सांगते. मग ठिणगीचा प्रकार. मग त्या राज्याच्या, त्या हंगामाचा चालू वर्षाचा नियम. मग वर्षभर मिळेल अशी दारू. वेग आणि पल्ला सर्वांत शेवटी. दारू ठरली की माप वेगळ्या भांड्याने घ्यायचे, डब्यातून थेट नळीत ओतायचे नाही. गोळी दारूला टेकली की नाही हे गजावरच्या खुणेने तपासायचे. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचे, कारण दारू उशिराही पेटू शकते.