पेजेवर किती दिवस?

पथ्यपाणी

आषाढात महाड-पोलादपूरच्या गावांत आजारी माणसाने "अन्न जात नाय" म्हटलं की घरच्या बाईचा हात आधी तांदळाच्या डब्याकडे जातो. मऊ पेज, चिमूटभर मीठ, फार तर लिंबाच्या लोणच्याची फोड. दोन दिवसांच्या तापाला हे पथ्य उत्तम आहे. पण ज्यांची भूक औषधामुळे मरते, त्यांचं औषध दोन दिवसांचं नसतं. टीबीच्या गोळ्या किमान सहा महिने, साखरेचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं, आणि आता आठवड्यातून एकदा टोचायची सेमाग्लुटाइड, टिरझेपॅटाइडची इंजेक्शनं. टिरझेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत इथे मार्च २०२६ पर्यंतच होती, त्यामुळे ही औषधं मोठ्या शहरांपुरती राहणार नाहीत. अशा माणसाला महिनोन्‌महिने पेजेवर ठेवणं म्हणजे त्याला मायेने उपाशी ठेवणं, असं मी स्पष्ट म्हणते.

हिशेब करून बघा. वाटीभर पेजेला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम तांदूळ लागतात. त्यात प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम. तेवढ्याच कुळथाच्या पिठाची पिठी केली तर साडेसहा ग्रॅम, आणि एका अंड्यात सहा. पन्नास किलो वजनाच्या माणसाला दिवसाकाठी साधारण ४० ग्रॅम लागतात. पोट चार घासांत भरत असेल, तर ते चार घास कशाचे हाच सगळा प्रश्न आहे.

इंजेक्शनांनी जठर सावकाश रिकामं होतं आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. वजन उतरतं, पण उतरलेलं सगळं वजन चरबीचं नसतं. त्यातला पंचवीस ते चाळीस टक्के भाग चरबीखेरीजचा, त्यात स्नायूही आले. साठीतल्या बाईचे मांडीचे स्नायू गेले तर ती पावसाळ्यात निसरड्या अंगणातून गोठ्यापर्यंत कशी जाणार?

म्हणून ताटाचा क्रम उलटा करा. आधी कालवण, उसळ, अंडं. भात शेवटी, जाईल तेवढाच. आपल्या भागात यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. कडव्या वालाचं बिरडं आहे, कुळीथ आहे, बेगमी करून ठेवलेली सुकट आणि बोंबील आहेत. जवळा आणि बोंबील बहुतेक नुसत्या उन्हात वाळवतात. खारवलेली मासळी मात्र रक्तदाबवाल्यांनी टाळावी. नाचणीत प्रथिनं थोडी असली तरी १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. ताकातली आंबील मळमळीतही घशाखाली उतरते. पाणी जेवताना घटाघटा न पिता मधल्या वेळात घोटघोट प्यावं. तळणीचा वासच सोसत नसेल तर स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा आणि अन्न कोमट झाल्यावर वाढावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

टीबीत तर ताट हा उपचाराचाच भाग आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने रुग्णांना दरमहा दहा किलो शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. ते पैसे रुग्णाच्याच अंड्यांना, डाळीला लागले पाहिजेत. घरात ते दुसरीकडे वळतात, आणि पहिली कात्री बाईच्या ताटाला लागते.

तरी प्रत्येक वेळी ताट बदलून भागत नाही. टीबीच्या गोळ्यांवर असताना भूक एकदम मेली, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले, तर ते यकृताचं दुखणं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. बांगडा किंवा कुपा खाऊन अंग लाल झालं, डोकं ठणकलं, धडधडलं, तर तो टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिड या औषधाचा आणि मासळीचा झगडा असू शकतो. डॉक्टरांना सांगा आणि ती मासळी थांबवा. साखरेच्या ग्लिमेपिराइडवर असलेल्यांनी जेवण निम्म्यावर आल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर साखर धोकादायक खाली जाते. गोळी मनाने बंद करू नका, आणि उपाशीपोटी गिळून निमूट बसूही नका.

मला जास्त काळजी वाटते ती पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांची. मुलं मुंबईला, घरात दोघं म्हातारी, किंवा एकटीच. एकट्या बाईला भूकच नसेल तर ती चूल पेटवणार कुणासाठी? सकाळचा चहा, दुपारी चहात बुडवलेला बटर, रात्री पेज. मुलगा फोनवर विचारतो, "आये, जेवलीस का?" ती म्हणते, "जेवले." खोटं नसतं ते. म्हणून "काय जेवलीस?" असं विचारा, आणि उत्तर नीट ऐका. गणपतीला येताना भाजलेले चणे, शेंगदाणे, दूधपावडर आणा. एकटीसाठी चूल न पेटवताही मुठीमुठीने खाता येईल असं. आशाताईंना आईचं वजन महिन्याला करायला सांगा आणि तो आकडा फोनवर मागून घ्या. औषध सुरू झाल्यापासून तो भराभर खाली येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रजा काढा आणि तिला महाडला डॉक्टरांकडे घेऊन जा.