अंतर तेवढंच, मग विमानाला वेळ जास्त का?
मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. तरी जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो आडवा येतो, येताना पाठीशी असतो.

दुसरं कारण राजकारण. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, इंधनाचा खर्च वाढला. परदेशी कंपन्यांना मात्र ही बंदी नव्हती. भांडण दोन देशांचं, त्रास प्रवाशाला.

म्हणून पोरांना शिकायला, कामाला परदेशी धाडताना मोबाईलवरच्या किलोमीटरवर जाऊ नका. तिकिटावरचे तास बघा आणि मध्ये विमान बदलायचं असेल, तर हाताशी जादा वेळ ठेवा.