मिशन कम्प्लीट म्हणे!

गेले तीन शनिवार-रविवार एका बीटा ॲपने खाल्ले. बायकोचं म्हणणं असं, की आठवडाभर पगार घेऊन बग शोधतोस आणि सुट्टीत तेच काम फुकटात करतोस, त्यापेक्षा घरातला गीझर तरी बघ. मुद्दा बिनतोड आहे. पण या ॲपच्या नादात मला आपल्याच धंद्यातली एक वाईट खोड नीट दिसली, आणि ती दिसल्यावर गप्प बसवेना. म्हणून हे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझ्याकडे २५० ग्रॅमच्या आतलं एक छोटं ड्रोन आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हा 'नॅनो' गट, त्यामुळे पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. याचा अर्थ कुठेही उडवा असा नव्हे. आपली जागा हिरव्या झोनमध्ये आहे की लाल, हे सरकारी नकाशावर बघावंच लागतं. आम्ही राहतो वारज्यात, एनडीए हाकेच्या अंतरावर. तेव्हा गच्चीवरून उडवायचा विषयच नाही. उडवायचं तर नवले पुलाचं ट्रॅफिक सोसून, बोगदा ओलांडून, भोर तालुक्यात मामांच्या शेतावर.

ॲपचं काम ऐकायला सोपं आहे. फोनवर शेताभोवती चौकोन काढायचा, उंची सांगायची आणि बटण दाबायचं. ड्रोन नांगर धरल्यासारखं तासामागून तास घेत जातं आणि ठराविक अंतरावर खालचे फोटो काढतं. शेजारशेजारच्या फोटोंमध्ये बराचसा भाग सामाईक ठेवतात, उडण्याच्या दिशेने ८० टक्के आणि बाजूने ७० टक्के वगैरे. मग घरी लॅपटॉपवर दुसरं सॉफ्टवेअर त्या सामाईक खुणा जुळवून सगळ्याचा एक सलग नकाशा शिवतं. खुणा जुळल्या तर नकाशा, नाही जुळल्या तर गोधडी.

मामांना नकाशा हवा होता त्याला कारण होतं. शेजारच्यांशी बांधावरून दोन वर्षं कुरबुर चालू आहे. ते म्हणतात मामांनी बांध कोरला, मामा म्हणतात त्यांनी कोरला. शेजाऱ्यांना विचारून दोघांचं मिळून ३ हेक्टर मी चौकोनात घेतलं. २०० मीटर लांब, १५० रुंद, उंची ६० मीटर. ड्रोन घोंघावायला लागल्यावर वाटेने जाणारे दोघंतिघं थांबले. पहिला प्रश्न : "रिंगरोडचा सर्व्हे हाय का?" हसू नका. मे २०२५ मध्ये पुरंदर विमानतळाच्या ड्रोन सर्वेक्षणावरून काय झालं ते त्यांनी बघितलंय. आपल्याला ड्रोन म्हणजे खेळणं, त्यांना ड्रोन म्हणजे जमीन जायची नोटीस.

साडेतीन मिनिटांत उड्डाण संपलं. स्क्रीनवर भलीमोठी हिरवी टिकमार्क आली. मिशन कम्प्लीट. फोटो : ११९ पैकी ११९. मी खूश, मामा खूश. रात्री वारज्याला येऊन लॅपटॉप लावून झोपलो, सकाळी नकाशा तयार. वरच्या अंगाला एक भोक होतं. म्हटलं, तिथे आंब्याचं झाड आहे, त्याने झालं असेल. आणि उत्साहाच्या भरात तो नकाशा मामांना व्हॉट्सॲप केला.

इथे मी चुकलो.

मामांनी भोरला जाऊन त्याची मोठी रंगीत प्रिंट काढली आणि शेजाऱ्यांपुढे ठेवली. नकाशात भोकाच्या बाजूला बांध चक्क कोयत्यासारखा वाकलेला, आणि वाकलाय तो मामांच्या शेतात. मी फोनवर म्हटलं, "मामा, जरा थांबा, मला एकदा तपासू द्या." तर म्हणाले, "आरं, मशीननं काढलंय म्हटल्यावर त्यात खोट कशी असंल?"

त्यांच्या त्या वाक्याने माझी झोप गेली. मग बसलो शोधायला.

पहिली गोष्ट केली ती अगदी बाळबोध : मेमरी कार्डावरचे फोटो मोजले. निघाले ६३! ॲप म्हणतंय ११९, कार्ड म्हणतंय ६३. मग त्यांच्या वेळा आणि जागा एका शीटमध्ये ओतल्या. एकूण ७ ओळी, दर ओळीत १७ फोटो ठरलेले, आणि दर ओळीत निघालेले बरोबर ९. पहिला, तिसरा, पाचवा... एकाआड एक गायब. वारा, झाड किंवा नशीब इतक्या शिस्तीत वागत नाही. असा पॅटर्न दिसला की समजावं, चूक कोडमध्ये आहे.

मग साधं गणित. माझ्या कॅमेऱ्याच्या एका फोटोत ६० मीटरवरून साधारण ८४ गुणिले ६३ मीटर जमीन मावते. ८० टक्के सामाईक हवं तर दर साडेबारा मीटरला एक फोटो. ॲपने वेग धरला होता सेकंदाला ८ मीटर, म्हणजे दर दीड-पावणेदोन सेकंदांनी एक फोटो. कॅमेऱ्याला मात्र एक फोटो काढून कार्डावर लिहायला दोन सेकंदांच्या वर लागतात. तो लिहिण्यात गुंतलेला असताना आलेला हुकूम तो मुकाट्याने सोडून देत होता. आणि ॲप? ॲप फक्त आपण किती हुकूम सोडले ते मोजत होतं. फोटो निघाला की नाही हे त्याने कॅमेऱ्याला विचारलंच नव्हतं.

आपल्यापैकी जे सर्व्हर-बिर्व्हरवर काम करतात त्यांना हा रोग ओळखीचा वाटेल. रिक्वेस्ट गेली म्हणजे काम झालं!

पण एवढ्याने कोडं पूर्ण सुटत नव्हतं. फोटो सगळीकडेच निम्मे, मग भोक वरच्या अंगालाच का? उत्तर मामांच्या जमिनीत होतं. भोरची जमीन, उताराची. ॲपमधले ६० मीटर हे ड्रोन जिथून उडालं तिथून मोजलेले, खालच्या जमिनीपासून नव्हे. मी उडवलं पायथ्याच्या विहिरीपाशी. वरचा बांध तिथून निदान २० मीटर उंच, म्हणजे तिथे ड्रोन जमिनीपासून जेमतेम ४० मीटरवर. उंची कमी झाली की फोटोत मावणारी जमीन कमी, आणि सामाईक भागही कमी. एकाआड एक फोटो गेल्यामुळे ८० चे आधीच ६० टक्के झाले होते, वर पोचेपर्यंत ते ४० वर आले. तेवढ्या खुणांवर सॉफ्टवेअरने जिथे जमलं तिथे ओढूनताणून शिवलं आणि नाही जमलं तिथे भोक ठेवलं. मामांचा वाकडा बांध म्हणजे त्या ओढाताणीतली एक सुरकुती होती.

दोन चुका, एकेकटी आली असती तर कदाचित खपून गेली असती.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. फक्त वेग निम्मा केला, बाकी काहीही बदललं नाही. (एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. हे ज्युनिअर लोकांना मी रोज सांगतो आणि स्वतः रोज विसरतो.) फोटो ११९ पैकी ११५. चार कमी पडले, कारण मध्येच आईचा फोन आला, ॲप पडद्यामागे गेलं आणि ड्रोन हवेतच उभं राहिलं :) सॉफ्टवेअरच्या जगात आईचा फोन ही एज केस धरतात, माझ्या आयुष्यात तो मेन फ्लो आहे. तिसऱ्या खेपेला फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि शेताचे दोन भाग करून खालचा खालून, वरचा वरून उडवला. कार्डावरचे फोटो शेतातच मोजले, मगच निघालो. नकाशा आला, भोक नाही, बांध बऱ्यापैकी सरळ.

ॲप बनवणाऱ्या मुलांना सगळा तपशील, लॉग आणि शीटसकट कळवला. उत्तर लगेच आलं, नम्र होतं : धन्यवाद सर, वेगाची मर्यादा आम्हाला माहीत आहे, बीटा आहे ना.

माझं भांडण या 'बीटा आहे ना'शी आहे. बीटा ॲप क्रॅश होऊ दे, हँग होऊ दे, ड्रोन अर्ध्यातून परत येऊ दे. मी तक्रार करणार नाही, त्यासाठीच तर मी वापरतोय. क्रॅश झालेलं ॲप निदान खरं बोलतं. पण ६३ फोटो काढून ११९ ची हिरवी टिकमार्क दाखवणं ही कच्ची आवृत्ती नव्हे, ती खोटी साक्ष आहे. साक्ष कोणापुढे? ज्याला लॉग वाचता येत नाही, मेमरी कार्ड म्हणजे काय ते माहीत नाही आणि मशीनवर ज्याचा आपल्यापेक्षा जास्त विश्वास आहे, अशा माणसापुढे.

कोणी म्हणेल, एका शेताचं एवढं काय! पण ड्रोनचे नकाशे आता हौसेपुरते राहिलेले नाहीत. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा आपल्याकडचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाला. पुढे एप्रिल २०२० मध्ये देशभरासाठी स्वामित्व योजना आली. गावठाणातल्या ज्या घरांची मालकी पिढ्यान्‌पिढ्या नुसती तोंडी होती, त्यांना मिळकत पत्रिका मिळायला लागल्या. त्या कामाची पद्धत मुद्दाम बघण्यासारखी आहे. आधी माणसं आपापल्या हद्दीवर चुना टाकतात, मग ड्रोन उडतं. नकाशा झाला की तो घेऊन पुन्हा जागेवर पडताळणी, मग हरकती, आणि सगळ्यात शेवटी कागद. म्हणजे ड्रोनच्या आधीही माणूस आणि नंतरही माणूस. ही सरकारी दिरंगाई नव्हे. कॅमेऱ्याला भिंत दिसते, भिंत कोणाची ते दिसत नाही.

आणि हा धडा आपल्या जिल्ह्याने एकदा फार महागात घेतलाय. १८३० च्या आसपास प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागाची जमीन मोजून शेतसारा ठरवला. त्याची पद्धत कागदावर भलतीच शास्त्रीय : प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर आकारणी. पण जमिनीवरून येणारे आकडेच चुकीचे होते, आणि ते खालच्या पातळीवर कोणी धड तपासले नाहीत. सारा अवाच्या सवा बसला, लोकांनी जमिनी टाकल्या. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. त्यांची पद्धत प्रिंगलपेक्षा साधी होती, पण खालच्याने केलेलं काम वरच्याने काही प्रमाणात जागेवर जाऊन पुन्हा तपासायचं, हे त्या पद्धतीतच बसवलेलं होतं. तीच पुढे मुंबई इलाखाभर गेली. चांगला फॉर्म्युला हरला, कार्डावरचे फोटो मोजणारी पद्धत टिकली, असं मी म्हणेन.

तेव्हा मागणी छोटीशी आहे. टिकमार्क दाखवायच्या आधी कॅमेऱ्याला विचारा. 'मिशन कम्प्लीट' ऐवजी 'उड्डाण संपलं, ११९ पैकी ६३ फोटो मिळाले, वरच्या भागात नकाशा फाटेल' असं लिहा. हे शेतात उभं असतानाच कळलं तर बॅटरी बदलून पुन्हा उडवता येतं. वारज्याला येऊन कळलं तर एक शनिवार जातो, आणि मामांना प्रिंट काढल्यावर कळलं तर शेजार जातो.

मामांचं काय झालं? मी स्वतः जाऊन दोघांसमोर सांगितलं, की पहिला नकाशा चुकीचा होता आणि चूक माझी. दुसरा बरा आहे, पण त्यावरूनही बांध ठरवू नका. माझ्या ड्रोनचा साधा जीपीएस आख्खा नकाशा सहज दोन-तीन मीटर इकडेतिकडे सरकवू शकतो, आणि तुमचं भांडण आहे दोन फुटांचं. मामा थोडे हिरमुसले. आता दोघं मिळून भूमी अभिलेखकडे रीतसर मोजणीचा अर्ज करायचं म्हणतायत. बघू.

राहता राहिलो मी. सोमवारी ऑफिसात आमच्याच डॅशबोर्डवर नजर गेली. 'एसएमएस पाठवले' असा एक मोठा हिरवा आकडा तिथे गेली तीन वर्षं झळकतोय. तो कोड माझाच. एसएमएस पुढच्या कंपनीच्या हवाली केला की आमचा आकडा वाढतो, तो कोणाला पोचला का हे आम्ही विचारत नाही.

त्या दिवशी लेबल बदलून 'पाठवायला दिले' केलं. पोचल्याचा खरा आकडा दाखवायला अजून दोन आठवडे लागतील. मॅनेजरने विचारलं, अचानक हे काय काढलंस? म्हटलं, मामांनी सांगितलंय.

गीझर अजून तसाच आहे.