फावला वेळ कुणाचा?



मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर बचत गटाच्या बायकांसाठी हस्तकलेचे प्रशिक्षण होते. जुन्या साड्यांचे तुकडे, गोणपाट, बांबूच्या कामट्या, मणी असे हाताशी असेल ते घ्यायचे, त्यातून पिशव्या, पाकिटे, तोरणे करायची आणि वर वारली चित्रे काढायची. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "घरबसल्या, फावल्या वेळात चार पैसे मिळतील." मागून एकीने विचारले, "ताई, फावला वेळ म्हंजे कोणता?" सगळ्या हसल्या. उत्तर कुणीच दिले नाही.

उत्तर देणे सोपे नव्हतेच. शहापूर-मुरबाडच्या बाईचे वर्ष बघा. पावसाळ्यात भातलावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी, त्यानंतर कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर. सरपण रोजचेच. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. मग पिशवी शिवली जाते कधी? रात्री, भांडी घासून झाल्यावर. हा वेळ झोपेतून काढलेला असतो. त्याला 'फावला' म्हटले की त्याचा दाम द्यावा लागत नाही, एवढाच त्या शब्दाचा उपयोग.

याच चित्रांचा इतिहास आठवू या. वारली लग्नात देवचौक लिहायच्या त्या सुवासिनी. शेणाने सारवलेली, गेरूने रंगवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पाणी आणि बांबूची काडी. साहित्य घरचे, हात बायकांचे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मोठेपण कुणी नाकारत नाही. पण कागदाबरोबर सही आली, सहीबरोबर पैसा आला आणि ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या चौक लिहिले, त्यांतल्या बहुतेकींची नावे कुठेच राहिली नाहीत. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने कलेचे नाव राखले जाते. करणारीचे नाव आपणच लिहायला हवे.

कुणी म्हणेल, बायका हे आवडीने करतात. करतातच. नातवासाठी शिवलेल्या गोधडीचा हिशेब कुणी मागत नाही. पण जी पिशवी व्यापाऱ्याकडे नगावर जाते, ती मजुरी आहे. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बाईचे नाव निदान मस्टरवर चढते. घरी दिव्याखाली डोळे ताणणारीचे चढत नाही. तिचे घर हीच कामाची जागा. जागेचे भाडे, वीज, सुई-दोरा, बिघडलेल्या नगाचे नुकसान सगळे तिच्याच पदरात.

घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ सालीच केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्याने घरी काम करणारीला 'कामगार' म्हटले, पण नुसत्या व्याख्येने मजुरी वाढत नाही.

म्हणून माझे म्हणणे आहे की प्रशिक्षणात कात्री-सुईच्या आधी हिशेबाची वही यावी. एक नग करायला किती तास लागले, सामान कितीचे, हे गटाने पंधरा दिवस लिहून बघावे. लिहिता न येणारीने रेघा ओढाव्यात. त्या तासांना शेतमजुरीचा दर लावून मगच व्यापाऱ्याशी बोलावे, आणि एकेकीने नव्हे, सगळ्या गटाने मिळून. प्रत्येक नगावर करणारीचे नाव आणि गाव असावे. काही ठिकाणी दर परवडत नाही, असेच वहीतून निघेल. तर मग ते काम सोडण्याचा निर्णयही बाईचाच असू दे, सगळे आकडे समोर ठेवून घेतलेला.

त्या बाईचा प्रश्न आपापल्या गटात विचारून बघा. काय उत्तरे येतात, ती आम्हाला जरूर कळवा.